मिस्त्रीसमोर गाडी एकदम शहाणी! (वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

प्रश्न : नमस्कार काका, माझ्याकडे २००८ ची सेडान आहे, साधी पाच गिअरची ऑटोमॅटिक, १ लाख १८ हजार किमी झालेत. गावात काहीच त्रास नाही. पण महिन्यातून दोनदा पुण्याहून साताऱ्याला जातो तेव्हा खंबाटकी चढताना कधीकधी गाडी एकाच गिअरमध्ये अडकते, 'डी' चा दिवा लुकलुकायला लागतो आणि झटके बसतात. बाजूला घेऊन बंद केली, पाच मिनिटांनी चालू केली की काही झालंच नाही अशी चालते. येताना बोगद्यातून येतो तेव्हा एकदाही झालं नाही. एका गॅरेजवाल्याने गिअरबॉक्स उघडायला सांगितलंय, दुसरा म्हणतो कॉम्प्युटर बदला. मध्ये एकाने बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवली तर चार दिवस बरी चालली. मिस्त्री शेजारी बसला की मात्र काहीच होत नाही! काय करू?

उत्तर : पाहुणे आले की पोरं कशी मांडी घालून शहाण्यासारखी बसतात, तसं आहे हे, मिस्त्रीसमोर कधीच होणार नाही. पण तुम्ही पत्रात अर्धं निदान स्वतःच लिहून पाठवलंय. जाताना घाट चढायला लागतो तेव्हा होतं, येताना तो चढ लागत नाही तर होत नाही, आणि गाडी बंद करून चालू केली की जातं. म्हणजे गरम झाल्यावर, जोर पडल्यावर.

आधी हे बघा की 'अडकते' म्हणजे नक्की काय होतं. गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला कुठल्या तरी सेन्सरकडून किंवा सोलेनॉइडकडून (विजेवर उघडझाप करणारा ऑइलचा व्हॉल्व्ह) पटत नाही असा सिग्नल आला की तो जास्त डोकं लावत नाही, बहुतेक वेळा तिसरा गिअर धरून ठेवतो, ऑइलचं प्रेशर वाढवतो (झटके त्याचेच) आणि तुम्हाला कसंबसं घरी पोचू देतो. चावी बंद करून चालू केली की तो परत पहिल्यापासून सुरू करतो. म्हणून पाच मिनिटांनी बरी वाटते, बरी झालेली नसते. घासून गेलेल्या क्लच प्लेट्स काही चहा पिऊन होईपर्यंत परत जाड होत नाहीत, म्हणून गिअरबॉक्स उघडा म्हणणाऱ्याला सध्या तरी नमस्कार करा.

आणि ती बॅटरी काढण्याची आयडिया ज्याची होती त्याच्यावर माझा राग आहे! जुन्या गाडीत बॅटरी काढली की बऱ्याचदा साठवलेले फॉल्ट कोड (कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे नंबर) पुसले जातात, गिअर कसे बदलायचे याची शिकलेली सेटिंगही जाते. म्हणजे चोर पळाला आणि वर पावलांचे ठसेही आपणच झाडून टाकले. चार दिवस बरी चालली कारण त्या चार दिवसांत तुम्ही घाटात गेला नाहीत, एवढंच.

आता पुढच्या वेळी झालं की स्कॅनर लावेपर्यंत बॅटरीला हात लावायचा नाही. बाजारात मिळणारे छोटे ब्लूटूथवाले स्कॅनर बरेचदा फक्त इंजिन वाचतात, गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर वाचणारा स्कॅनर असलेला माणूस शोधा. पी ०७०० हा कोड आला म्हणून घाबरायचं नाही, 'गिअरबॉक्सची काहीतरी तक्रार आहे' एवढाच त्याचा अर्थ, खरी तक्रार त्याच्या बरोबरच्या दुसऱ्या कोडमध्ये असते. ०७०५ असेल तर लिव्हरची पोझिशन सांगणारा स्विच, ०७१५ किंवा ०७२० असेल तर स्पीड सेन्सर नाहीतर त्यांची वायर, ०७५० च्या आसपासचा असेल तर सोलेनॉइड किंवा त्याचं सर्किट. ०७३० आला, म्हणजे गिअर जेवढा फिरायला हवा तेवढा फिरत नाहीये, आणि ऑइल पण जळलेलं निघालं, तर मात्र आतलं काम असण्याची शक्यता मोठी.

स्कॅनरवाला भेटेपर्यंत घरच्या घरी बरंच करता येतं. एक छोटी वही गाडीत ठेवा आणि झालं की लिहा, निघून किती किलोमीटर झाले होते, एसी चालू होता का, स्पीड किती, चढ होता की सपाट, पाऊस होता का. शेजारी बसलेल्याला मोबाइलवर डॅशबोर्डचा व्हिडिओ काढायला सांगा (तुम्ही नाही, तुम्ही रस्ता बघा). चांगल्या मिस्त्रीला या वहीतून जे कळतं ते तासभर राइड मारून कळत नाही.

मग ऑइल. सकाळी थंड गाडीची डिपस्टिक बघून 'लेव्हल ओके' म्हणणारे खूप भेटतात. ऑटोमॅटिकचं ऑइल गरम झाल्यावरच बघायचं असतं, काही गाड्यांत इंजिन चालू ठेवून तर काहींत बंद केल्यावर साधारण मिनिटभराच्या आसपास, तुमच्या गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं ते पाळा. कमी असेल तर चढावर पंप हवा ओढतो, जास्त असेल तर फेस होतो, दोन्हीत प्रेशर जातं. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून बघा, लालसर किंवा तपकिरी असेल तर ठीक, काळं आणि करपलेला वास म्हणजे प्लेट्स जळल्यात, आणि गुलाबी लस्सीसारखं दिसलं तर रेडिएटरमधून पाणी मिसळतंय, मग गाडी चालवूच नका, टो करून न्या. बदलायचं झालं तर कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं. एकदा ड्रेन केलं की सगळं निघत नाही, टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना ऑइलने जोडणारा भाग) बरंच राहतं, म्हणून थोडी गाडी चालवून परत एकदोनदा बदलायचं. इतक्या जुन्या गाडीत मशीन लावून फ्लश करायला मी तरी सांगणार नाही.

तिसरी टेस्ट फुकटची आहे. हँडब्रेक लावा, पाय ब्रेकवर, इंजिन बंद, फक्त इग्निशन ऑन, आणि लिव्हर पी पासून खालपर्यंत सावकाश न्या, प्रत्येक ठिकाणी थोडा हलवून बघा. डॅशबोर्डवर मध्येच एकही अक्षर लागलं नाही किंवा दोन एकदम लागली तर लिव्हरचा स्विच नाहीतर त्याची केबल अ‍ॅडजस्टमेंट, हजारोंचा गिअरबॉक्स नाही.

आणि हे सगळं करण्याआधी बॅटरी! उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू इंजिनवर साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. बॅटरीच्या मायनसवरून गिअरबॉक्सला जाणारी अर्थिंगची पट्टी मात्र स्कॅनरने कोड वाचून झाल्यावरच काढून घासून परत लावा. माझ्या स्वतःच्या जुन्या गाडीने मला असंच सहा महिने नाचवलं होतं, सेन्सर बदलला, ऑइल बदललं, शेवटी निघाली काय तर हिरवी पडलेली अर्थिंगची वायर, जी मी दर रविवारी बॉनेट उघडून बघत होतो. गाडी बाहेर लावत असाल तर उंदीरही बघा, अर्धवट कुरतडलेली वायर थंड असताना चिकटून असते आणि इंजिन तापून हलायला लागलं की सुटते.

तुमचं वर्णन वाचून माझा संशय स्पीड सेन्सर, त्याचं कनेक्टर किंवा तापल्यावर आतून तुटणारी सोलेनॉइडची कॉइल यांच्यावर आहे. चांगला वायरमन थंड असताना ओहम मोजेल, मग घाट चढून आल्या आल्या परत मोजेल, किंवा सेन्सरला हेअर ड्रायरने शेकून कनेक्टर हलवत मोजेल. थंड असताना बरोबर आणि गरम झाल्यावर आकडा गायब, तर चोर सापडला. कॉम्प्युटर बदलणं सगळ्यात शेवटी.

प्रश्न : दादा, मी रत्नागिरीची. २००६ ची छोटी मॅन्युअल गाडी आहे. कधी पहिला आणि रिव्हर्स गिअर पडतच नाही, खर्रर्र आवाज येतो, आणि कधी लोण्यासारखा पडतो. बाजारात गर्दीत अडकलं की जास्त होतं. गिअरबॉक्स गेला का?

उत्तर : ताई, आधी इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघा. बंद असताना सहज पडतात आणि चालू असताना नाही, तर गिअरबॉक्स बिचारा निर्दोष आहे, क्लच पूर्ण सुटत नाहीये. अजून एक, इंजिन चालू ठेवून क्लच पूर्ण दाबा, मनात पाच मोजा आणि मग रिव्हर्स टाका. तरी खर्रर्र आलं तर पक्कं क्लचच. तुमच्या गाडीला केबल असेल तर तिचे धागे तुटत आलेत का, अ‍ॅडजस्टमेंट संपली का ते बघायला सांगा. हायड्रॉलिक (केबलऐवजी ऑइलवर चालणारा क्लच) असेल तर पेडल दोनतीनदा भरभर मारल्यावर गिअर पडतो का बघा, पडला तर हवा शिरलीय किंवा खालचा सिलेंडर गळतोय. तिथे कधी होतं कधी नाही हे अगदी नेहमीचं, रबर जुनं झालं की असंच वागतं. पायाशी मॅट गोळा होऊन पेडल अर्धंच जातंय असंही मी पाहिलंय, हसू नका.

तुमच्याकडच्या पावसात गाडी पंधरा दिवस उभी राहिली की क्लच प्लेट फ्लायव्हीलला (इंजिनच्या टोकाचं जड चाक) गंजाने चिकटू शकते, तेव्हा पहिल्या दिवशी असं होऊ शकतं, नंतर बहुतेक वेळा आपोआप सुटते. आठवड्यातून एकदा गाडी थोडी फिरवून आणा.

प्रश्न : २०१४ ची एएमटी (क्लच पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी) गाडी आहे. सिग्नलला कधीतरी आपोआप 'एन' दाखवते, पुढे जातच नाही, मागचे हॉर्न मारतात!

उत्तर : आधी ब्रेक लाइटचा स्विच बघा. ब्रेक दाबल्याचं कॉम्प्युटरला कळलंच नाही तर तो गिअर टाकत नाही, स्विच स्वस्तातला आणि तो कधी लागतो कधी लागत नाही असाच मरतो. रात्री भिंतीजवळ उभी करून मागचे दिवे प्रत्येक वेळी लागतात का बघा. नंतर बॅटरी, मग अ‍ॅक्च्युएटरच्या (क्लच आणि गिअर आपोआप हलवणारा भाग) ऑइलची लेव्हल. हे तिन्ही ठीक असेल तर क्लच किती उरलाय ते स्कॅनरवर बघून घ्या, आणि तोपर्यंत चढावर सिग्नलला अ‍ॅक्सिलेटरवर गाडी धरून ठेवू नका, ब्रेक दाबा.