गिफ्ट: भेट, विष आणि दिलेली मुलगी

प्रश्न असा आहे: 'गिफ्ट' मराठीत ती की ते? आणि जर्मनमध्ये त्याचा अर्थ विष होतो, हे खरं का?

खरं आहे. पण आधी एक सांगतो. 'मी त्याला घड्याळ गिफ्ट केलं' असं कुणी म्हणालं की माझं डोकं उठतं. 'दिलं' म्हणायला काय होतं? या शब्दात मुळातच देणं आहे. जर्मन 'गेबेन' म्हणजे देणे, त्याच्याच घरातलं हे नाम. इंग्रजी अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, तो सोडू.

स्वीडिशमध्ये लिहितात गिफ्ट, म्हणतात 'यिफ्ट'. अर्थ विष, आणि विवाहितसुद्धा! यावरचे नवराबायकोचे विनोद कृपया मला पाठवू नका. आपण 'मुलगी साताऱ्याला दिली' म्हणतो, तसंच ते: यिफ्ट म्हणजे दिलेली. पुढे नवऱ्यालाही तोच शब्द चिकटला. जर्मन 'मिटगिफ्ट' म्हणजे सोबत दिलेलं, अर्थात हुंडा.

खरी गंमत विषात आहे. ग्रीक वैद्यकात औषधाच्या मात्रेला 'दोसिस' म्हणत, शब्दशः 'देणं'. लॅटिनने तो जसाच्या तसा उचलला, जर्मनने त्याचा अर्थ आपल्या 'गिफ्ट'मध्ये ओतला. आधी दिलेलं औषध, मग दिलेलं विष. हा दोसिस म्हणजे आपला डोस, आणि त्याचा धातू संस्कृत 'दा'चा सख्खा भाऊ. दान आणि पोलिओचा डोस एकाच कुळातले!

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस याला हे पटलं नव्हतं. रोजच्या गोष्टीला लोक पंडिती शब्द कशाला लावतील, असा त्याचा आक्षेप. १९२४च्या लेखात त्याने भेट म्हणून पुढे केलेल्या पेयात विष असण्याच्या भीतीकडे बोट दाखवलं. माणूस थोर, पण इथे घसरला. शाळेची पायरी न चढलेली आजीसुद्धा 'डोस पाजला' म्हणते, तो शब्द पंडितीच नव्हे का? आणि विषाला औषध म्हणणं तर आपल्या अंगवळणी पडलंय. उंदराचं औषध, ढेकणाचं औषध. गावात कुणी हलक्या आवाजात 'त्यानं औषध घेतलं' म्हणालं, तर ताप होता का असं कोणी विचारत नाही.

हां, लिंग राहिलं. जर्मनमध्ये 'देणं' या जुन्या अर्थी गिफ्ट स्त्रीलिंगी होतं, विष या अर्थी आज नपुंसकलिंगी आहे. मिटगिफ्ट मात्र अजून 'ती'च. मराठीत दोन्ही ऐकू येतं. मी 'ते' म्हणतो.