लवंगेचं तेल घरी निघतं का?

प्रश्न : लवंगा खोबरेल तेलात उकळून तेल केलं, पण त्याला विकतच्या लवंग तेलासारखा झणका नाही. असं का? – एक वाचक भगिनी, सावंतवाडी

उत्तर : ताई, तुमच्याकडे तयार झालं ते लवंग मुरवलेलं खोबरेल. मालिशला उत्तम! लवंगेचं स्वतःचं तेल मात्र वाफेबरोबर काढावं लागतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग मी मुलांकडून हौसेने करून घ्यायचे. भरड कुटलेल्या लवंगा पाण्यात उकळायच्या आणि वाफ गार नळीतून न्यायची. दुधाळ पाणी थेंबथेंब जमतं. ते रात्रभर हलवू नये. सकाळी फिकट पिवळे थेंब तळाशी बसलेले दिसतात. तळाशीच, कारण त्यातलं युजेनॉल, म्हणजे लवंगेला वास देणारं मुख्य द्रव्य, पाण्याहून जड असतं. चांगल्या लवंगेत वजनाच्या 15 ते 20 टक्के तेल असतं. ओव्यात फार तर 2 ते 4 टक्के, पण त्यातल्या थायमॉल या वासाच्या द्रव्याचे गारठ्यात सुंदर स्फटिक होतात, तेच ओव्याचं फूल.

घरी कुकरला नळी जोडायच्या फंदात कृपा करून पडू नका. नळी तुंबली तर कुकर फुटेल. विकतचं शुद्ध तेलही हिरडीला थेट लावू नये, हिरडी भाजते. लहान मुलांपासून तर ते लांबच ठेवा, आणि ठेवायचं काचेच्या गडद बाटलीत.