बोलू काय तिच्याशी?

"मॅडम, भेटायला जाते पण बोलू काय तिच्याशी?" हे वाक्य गेल्या काही महिन्यांत इतक्या वेळा ऐकलंय की शेवटी लिहायलाच बसले. कोणाची मैत्रीण आजारी, कोणाच्या मित्राची नोकरी गेलेली, आणि धास्ती सगळ्यांना एकच, आपण गप्प बसलो तर समोरच्याला वाटेल ह्यांना काही पडलेलीच नाही.

इंदूरमधल्या राजेंद्र नगरच्या एक ताई आल्या होत्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). शाळेपासूनची मैत्रीण, तिचे मिस्टर गेले त्याला आठ महिने झालेले. ताई दर रविवारी डबा घेऊन जायच्या आणि मैत्रीण हल्ली फोनच उचलेना.

"तुम्ही बोलता तेव्हा ती काय करते?"

"हो हो करते."

"आणि तुम्ही थांबलात की?"

ताई जरा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. "मी थांबतच नाही हो."

ते वाक्य मी तसंच राहू दिलं, त्यांचं त्यांनाच ऐकू येऊ दिलं. इतक्या वर्षांच्या कामात मी कमावलंय ते हेच, की कुठे थांबायचं ते कळतं. शांतता सोसत नव्हती ती ताईंना, मैत्रिणीला नाही.

माझी श्रद्धा विनिकॉटवर आहे. ह्या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने १९५८ साली मांडलं की एकटं राहायला माणूस आधी कोणाच्या तरी सोबतीतच शिकतो, आई जवळ आहे एवढ्या भरवशावर बाळ आपलं आपल्यातच रमतं. दुःखातल्या माणसालाही तसंच कोणीतरी जवळ हवं असतं, जे त्याच्याकडून काही मागत नाही.

म्हणून त्यांना म्हटलं, घरी समोरासमोर बसू नका, सकाळी सिरपूर तलावावर न्या तिला. बाजूबाजूने चालताना डोळ्यांत बघावं लागत नाही, त्यामुळे उत्तर द्यायचं ओझं उतरतं. निघतानाच सांगून टाका, आज बोललंच पाहिजे असं नाही. फोन पर्समध्ये, सेल्फी नको, आणि तिचे पाय थांबले की आपणही थांबायचं, एवढं पुरे.

तिसऱ्या फेरीनंतर ताई आल्या त्या सावकाश बोलत होत्या. थंडीचे दिवस, पाण्यावर वारकरी पक्षी पोहत होते, ते काळे, कपाळावर पांढरा टिळा असलेले. एक पाणकावळा पंख पसरून वाळवत बसलेला. दोघी बराच वेळ तेच बघत उभ्या होत्या, आणि मैत्रीण पाण्याकडे बघतच म्हणाली, "एका कपाचा चहा करायला जमत नाही गं अजून, माप चुकतं."

आठ महिन्यांत तिने आपणहून काढलेलं हे पहिलं वाक्य. डबे पोचवून जे झालं नाही ते तिथे झालं, मला फार बरं वाटलं.

एक मात्र सांगते, जेवण-झोप पार उडाली असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असं माणूस बोलत असेल तर फिरण्यावर विसंबू नका, डॉक्टरांकडे न्या. टेलीमानस ह्या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर कुठल्याही वेळी लागतो.

"मग तुम्ही काय म्हणालात तिला?" मी विचारलं.

"काही नाही. थर्मासमधून दोन कप ओतले."