लग्नाचे फोटो, व्हिडिओ आणि अल्बम डिझाइनसाठी डेस्कटॉप कसा निवडावा?

तुम्ही लिहिलंय की कागलला लग्नाच्या ऑर्डरी घेता, एडिटिंग आजवर बाहेर देत होता, आता अल्बम, हायलाइट व्हिडिओ आणि थोड्याफार पत्रिका घरीच करायच्या आहेत. बजेट १ लाख. दुकानदाराने त्यातले ९० हजार कॅबिनेटच्या आतल्या सामानाला लावून उरलेल्यात मॉनिटर बसवलाय. मी कोल्हापुरात १४ वर्षं हेच काम करतोय. आधी तो मॉनिटर बदलून घ्या. २० हजार तरी त्याला ठेवा, मग बाकीच्याचा विचार करा.

सुरुवातीला मीही असाच स्वस्तातला मॉनिटर घेतला होता. टीएन पॅनेल, म्हणजे स्वस्तातल्या जातीचा स्क्रीन, मान जरा वरखाली केली की रंग बदलायचा. एका नवरीचा शालू डाळिंबी होता, मला स्क्रीनवर डाळिंबीच दिसत होता. अल्बम छापून आला तर शालू विटकरी आणि हळदीच्या फोटोत आजीचा चेहरा हिरवट. नवरीच्या आईने कपाटातून शालूच काढला आणि उघड्या अल्बमशेजारी ठेवला. एक शब्द बोलल्या नाहीत. सगळी शीटं मी माझ्या खर्चाने पुन्हा छापून दिली. अल्बम छापणाऱ्या लॅबची काही चूक नव्हती, मी चुकीचं बघून रंग लावले होते.

म्हणून आयपीएस पॅनेल (बाजूने बघितलं तरी रंग फारसा न बदलणारं), २७ इंच, २५६० × १४४० पिक्सेल आणि एसआरजीबी या नेहमीच्या रंगपट्ट्याचे जवळपास १०० टक्के रंग दाखवणारा मॉनिटर बघा. बहुतेक लॅब एसआरजीबीतलीच जेपीजी मागतात, त्यामुळे त्याहून महागाच्या मागे आता लागू नका. जास्त हर्ट्‌झचा गेमिंग मॉनिटर तुमच्या कामाचा नाही. घरी आल्यावर ब्राइटनेस उतरवा. छपाईच्या कामाला १०० ते १२० निट (ब्राइटनेसचं माप) पुरतात. झगझगीत स्क्रीनवर केलेला अल्बम हमखास काळपट छापून येतो. कॅलिब्रेटर, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजून बरोबर करणारं यंत्र, दोघा-तिघा फोटोग्राफर मित्रांत मिळून एक घेतलं तरी चालतं, आम्ही तसंच घेतलंय.

रॅम ३२ जीबी, १६ च्या दोन काड्या. हिशोब साधा आहे. १२ × ३६ इंचाचं अल्बमचं शीट ३०० डीपीआयला ३६०० × १०८०० पिक्सेल होतं. फोटोशॉपमध्ये पानभर फोटोचा एकेक लेयर ११० एमबीच्या वर जातो. दहा-बारा लेयर, वर मास्क, मागे लाइटरूम हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडं. १६ जीबीत मशीन धापा टाकायला लागतं.

प्रोसेसरच्या बाबतीत एकच गोष्ट घट्ट धरा. व्हिडिओ करणार आहात, तर इंटेलच्या नावाशेवटी एफ असलेला प्रोसेसर घेऊ नका. तो थोडा स्वस्त पडतो म्हणून दुकानदार पुढे करतात, पण त्यात आतलं ग्राफिक्स नसतं आणि त्याबरोबर क्विक सिंक ही व्हिडिओ झटपट हाताळणारी सोयही जाते. नव्या कॅमेऱ्यांचं १० बिट ४:२:२ एचईव्हीसी फुटेज (जास्त रंग साठवणारं, पण मशीनला जड जाणारं) प्रीमियर या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये अडखळल्याशिवाय चालायला त्याची मोठी मदत होते. आय५ घ्या, पण एफ नसलेला. ग्राफिक्स कार्ड ८ जीबीचं मधल्या दर्जाचं पुरे. मंगल कार्यालयातल्या अंधारात काढलेल्या फोटोंचा नॉइज (दाणेदारपणा) लाइटरूमच्या एआय डीनॉइजने काढताना आणि कलर ग्रेडिंगला ते खरोखर उपयोगी पडतं. नुसत्या पत्रिका नि फ्लेक्स करायचे असते, तर कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरसाठी कार्ड घ्यायलाच नको म्हणालो असतो.

चालू काम १ टीबीच्या एनव्हीएमईवर, म्हणजे वेगवान एसएसडीवर, संपलेलं मोठ्या हार्ड डिस्कवर. १०० एमबीपीएसचं (सेकंदाला १०० मेगाबिट) ४के फुटेज तासाला ४५ जीबी खातं, एका लग्नात दोन कॅमेरे असले की जागा कशी जाते ते कळत नाही. यूपीएस घेताना ६०० व्हीएचा छोटा डबा नको. त्यावर साधारण ३६० वॅटच निघतात, आणि एक्स्पोर्ट चालू असताना लाइट गेली की कार्डासकट हे मशीन तेवढ्यावर तग धरत नाही. १००० च्या पुढचा घ्या. चांगल्या कंपनीचा एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटला वीज पुरवणारा डबाही यातच धरा, तिथे पैसे वाचवू नका.

बॅकअपचं मात्र कळकळीने सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी कोल्हापुरातल्या शाहूपुरीत शिरलं, तेव्हा माझा स्टुडिओ तळमजल्यावर होता. पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तर कॅबिनेटमध्ये गाळ भरलेला, टेबलाखालच्या दोन्ही हार्ड डिस्क गेलेल्या. त्यांत तीन लग्नं होती, अल्बम अजून द्यायचे होते. त्यांची प्रत शहरातच सागरमाळला बहिणीच्या कपाटात एका एक्स्टर्नल डिस्कवर होती, म्हणून त्या तिन्ही घरांना मी तोंड दाखवण्याजोगा राहिलो. २०२१ ला पुन्हा पूर आला, तोवर मी वरच्या मजल्यावर गेलो होतो, तरी ती डिस्क आजही बहिणीकडेच असते. दर सोमवारी जाऊन बदलतो. तुम्ही कागलच्या दूधगंगा नदीच्या जवळ असा नाहीतर लांब, एक प्रत दुसऱ्या घरात ठेवाच. एक्स्टर्नल डिस्कचे पैसे बजेटमधून आधीच बाजूला काढा, त्यासाठी ग्राफिक्स कार्ड एक पायरी खालचं घ्यावं लागलं तरी चालेल.

कोल्हापुरात राजारामपुरीत मॉनिटर बघायला याल तेव्हा तुमच्या एखाद्या छापून आलेल्या अल्बमचं शीट आणि त्याचीच फाइल पेनड्राइव्हवर घेऊन या. ब्राइटनेस कमी करायला लावा, फाइल उघडा, शीट शेजारी धरा. आणि जरा बाजूला सरकूनही बघा.