खातं उघडण्याआधी बंद करायचा मार्ग बघ

इंदूर

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

ब्लूस्काय, मॅस्टोडॉन, थ्रेड्स या सोशल मीडिया साइट्सपैकी आधी काय बघू, असं तू विचारलंस. तिन्ही बघ, भीती नको. फक्त प्रत्येक ठिकाणी पहिली पोस्ट टाकायच्या आधी सेटिंग्जमध्ये दोन गोष्टी शोध: आपला डेटा उतरवून कसा घ्यायचा आणि खातं कायमचं कसं काढून टाकायचं. पाच-दहा मिनिटांत सापडलं नाही तर तिथे मन लावून लिहू नकोस. गूगलची जुनी सोशल साइट ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 ला बंद झाली. सगळीकडच्या हालचाली एका धारेत आणणारं फ्रेंडफीड 2007 मध्ये आलं, 2009 मध्ये फेसबुकने घेतलं आणि 2015 मध्ये मिटलं. आपल्याकडचं ट्विटरसारखं कू 2024 मध्ये गेलं. ज्यांनी वेळेत उतरवून घेतलं त्यांचंच लिखाण हाती राहिलं.

खातं उघडताना जीमेलचा पत्ता जरा बदलून दे: नावानंतर अधिकचं चिन्ह आणि त्या साइटचं नाव. मेल तुझ्याच पेटीत येतो, आणि पुढे त्या पत्त्यावर भलत्याच जाहिराती यायला लागल्या तर पत्ता कुठून फुटला ते कळतं. काही साइट्सना अधिकचं चिन्ह चालत नाही. तिथे वेगळा मेल वापर. पासवर्ड प्रत्येक ठिकाणी निराळा ठेव, दुहेरी पडताळणी ऑथेंटिकेटर ॲपने (लॉगिनचे कोड तयार करणाऱ्या ॲपने) कर आणि बॅकअप कोड कागदावर उतरवून कपाटात ठेव. फोन हरवला की तेच कामी येतात.

कॉन्टॅक्ट्सची परवानगी मात्र अजिबात देऊ नकोस. त्या यादीत मावशीचा नंबर आहे, डॉक्टरांचा आहे, दूधवाल्याचा आहे. ते वाटायचा अधिकार तुला नाही. चुकून दिली गेली तर फोनच्या परवानग्यांमधून काढ आणि साइटवर चढलेली यादीही पुसून टाक, कारण परवानगी काढल्याने आधी गेलेले नंबर परत येत नाहीत.

आता चाचणी. तीन पोस्ट टाक: एक जोडाक्षरांनी भरलेली मराठी, एक फोटो, एक लिंक. फोटो दुसऱ्या ब्राउझरमधून उतरवून त्याचा तपशील उघड. काढल्याची जागा अजून दिसत असेल तर ती साइट ते पुसत नाही; कॅमेऱ्यातलंच लोकेशन बंद कर. मग डेटा मागव. फेसबुकसारख्या ठिकाणी फाइल एचटीएमएल (ब्राउझरमध्ये पानासारखी उघडते) की जेसन (प्रोग्रॅमसाठीची) असं विचारतात. वाचायला एचटीएमएल घे. जेसनमध्ये ‘क’च्या जागी तिरक्या रेघा आणि आकड्यांचे तीन तुकडे दिसतात. देवनागरीचं एक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात आणि तिथे प्रत्येक बाइट सुटा लिहिला जातो, म्हणून. मजकूर गेलेला नसतो, पण डोळ्यांनी वाचता येत नाही.

मॅस्टोडॉनचं एक नीट समजून घे: ते वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या अनेक सर्व्हरचं जाळं आहे, आणि तुझं खातं त्यातल्या एकावर असतं. दुसऱ्या सर्व्हरवर गेलास तर अनुयायी तुझ्याबरोबर येतात, जुन्या पोस्ट येत नाहीत. आणि अनुयायी यायलाही जुना सर्व्हर चालू असावा लागतो. तो अचानक बंद पडला तर तेही गेले. म्हणून तू कुणाला फॉलो करतोस त्याची यादी आणि पोस्टचा संग्रह महिन्यातून एकदा उतरवत जा.

एकच पोस्ट सगळीकडे आपोआप जावी असं वाटत असेल तर आधी कागदावर बाण काढ. मूळ जागा एकच ठेव, बाण तिथून बाहेरच जाऊ देत. ब्लूस्कायचं एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) आणि एक्सचं ब्लूस्कायवर असं जोडलंस तर तीच पोस्ट गोल फिरत राहील. शिवाय अक्षरांच्या मर्यादा वेगवेगळ्या: मॅस्टोडॉनवर साधारण 500, ब्लूस्कायवर 300, एक्सवर 280. एक्स मात्रा आणि हलन्तही वेगळे मोजतं. ‘स्त्री’ लिहिलं की सहा जागा जातात. मजकूर शेवटून कापला गेला तर लिंक तुटते, म्हणून लिंक वरच्या ओळीत दे.

रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, इथल्या राजवाड्यावर आली की तिथूनच फोटोंची धार लावावीशी वाटेल. फोटो खुशाल काढ, पण टाक घरी पोचल्यावर. घरातले सगळे तिकडे आहेत, म्हणजे घराला कुलूप आहे, हे त्या क्षणी जगाला कळायचं कारण नाही. स्ट्राव्हा या व्यायाम नोंदवायच्या ॲपवर सकाळचं फिरणं नोंदवत असशील तर सुरुवात आणि शेवट नकाशावरून लपवायची सोय चालू कर, नाहीतर रोजची रेघ थेट तुमच्या फाटकाशी येऊन थांबेल.

प्रत्येक साइटला तीस दिवस दे. अनुयायी मोजू नकोस. तुझ्या लिहिण्याला उत्तर देणारी पाच माणसं मिळाली का, तेवढं बघ. नाही मिळाली तर निघताना क्रम पाळ: आधी डेटा उतरव, मग जोडलेली ॲप्स तोड, मग खातं काढून टाक. नुसतं ॲप काढल्याने खातं जात नाही. फेसबुकवर तर विनंतीनंतर 30 दिवसांत पुन्हा लॉगिन करून काढणं रद्द करता येतं.

डेटाची पहिली झिप फाइल उतरली की उघडून बघ, आणि मराठी नीट दिसली का ते कळव.

तुझा,
काका