एमएलएमच्या (माणसांची साखळी जोडत माल विकण्याच्या धंद्याच्या) बायनरी प्लॅनमध्ये पैसे नेमके कसे मिळतात?

बायनरीत तुमच्या खाली दोनच लेग, म्हणजे माणसांच्या फांद्या, डावी आणि उजवी. कमिशन मिळतं ते जोडीवर, म्हणजे डावीकडचा एक आणि उजवीकडचा एक. समजा डावीकडे 40 जणांनी माल घेतला आणि उजवीकडे 3 जणांनी, तर पैसे 3 जोड्यांचेच! उरलेले 37 काही प्लॅनमध्ये पुढे धरतात, काहींत ठरावीक मुदतीनंतर सरळ शून्य. वर कॅपिंग, म्हणजे कमाईची कमाल मर्यादा, बहुतेक ठिकाणी असतेच. सेमिनारमध्ये फळ्यावर दोनाचे चार, चाराचे आठ झरझर वाढतात. दहाव्या पातळीला मात्र 1,024 माणसं लागतात. तेवढे मामेभाऊ कोणाला असतात? माल न विकता नुसती माणसं जोडल्याचे पैसे मिळत असतील, तर 2021 च्या थेट विक्री नियमांनुसार ती पिरॅमिड योजना, आणि तिच्यावर बंदी आहे.