निम्मा ग्लास भरला कसा?

प्रश्न : ताई, मालिका बघताना मला चुकाच जास्त दिसतात. एका शॉटमध्ये पर्स उजव्या खांद्यावर, पुढच्या शॉटमध्ये डाव्या. मी ओरडते, घरचे वैतागतात. सेटवर एवढी माणसं असतात, कुणालाच दिसत नाही का? आणि जुन्या काळातली गोष्ट असेल तर चूक ओळखायची कशी?

उत्तर : दिसते हो. निदान एकाला तरी दिसतेच, कारण त्याला पगारच त्याचा मिळतो. तो पगार मी अकरा वर्षं घेतला. कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटमधलं सगळं पुढच्या शॉटशी जुळतं ठेवणं. ती सांभाळायची तर प्रत्येक टेकनंतर, म्हणजे तोच शॉट दर वेळी नव्याने घेतल्यावर, फोटो काढायचे, कुठल्या शब्दावर कुठला हात उचलला ते संवादाच्या कागदावर टिपून ठेवायचं. शूटिंग कथेच्या क्रमाने होतच नाही. दारातून बाहेर पडणारी बाई आणि दाराबाहेर आलेली तीच बाई, यांच्यात कधी तीन आठवडे गेलेले असतात.

तरी चूक राहते. एकदा टेबलाशी दोघांचा प्रसंग होता, तिच्यापुढे पाण्याचा ग्लास. तिसऱ्या टेकला ग्लास निम्मा. सातव्याला काठोकाठ, कारण कुणीतरी तत्परतेने भरून ठेवला आणि मी नेमकी तिच्या कपाळावरची बट बघत होते. त्या टेकमध्ये ती रडायच्या जागी नुसती हसली, आणि तेच अचूक होतं. संकलकाने तिसऱ्याला सातवा जोडला. मी तावातावाने भांडायला गेले. त्याने तुकडा लावला आणि विचारलं, ‘‘ग्लास बघितलास?’’ नव्हता बघितला!

वॉल्टर मर्च या नामांकित संकलकाने कट कुठे घ्यावा याचे सहा निकष मांडले आहेत. त्यात भावनेला ५१ टक्के वजन आहे. माणसं आणि वस्तू प्रत्यक्षात कुठे होत्या, याला अवघे ४.

तुम्हाला चुका पकडायच्याच असतील तर कट होताना बोलणाऱ्याचा चेहरा सोडा, ऐकणाऱ्याचे हात बघा. मेणबत्ती, भिंतीवरचं घड्याळ, ओले केस यांवरही नजर ठेवा. थांबा म्हटलं तरी ही मंडळी थांबत नाहीत.

काळाची चूक वेगळी. वस्तू सगळेच शोधतात. ‘गेम ऑफ थ्रोन्स’मध्ये २०१९ साली टेबलावर कॉफीचा कप राहिला, तो जगभर गाजला आणि नंतर डिजिटल पद्धतीने पुसलाही गेला. मला जास्त मजा येते ती संवादातल्या चुकांची. ‘टायटॅनिक’मध्ये नायक जॅक लहानपणी अमेरिकेतल्या विसोटा तळ्यावर मासे पकडल्याचं सांगतो. हे तळं धरणामुळे तयार झालं, तेही जहाज १९१२ साली बुडाल्यानंतर काही वर्षांनी. पडद्यावर खटकण्यासारखं काहीच नाही, कान मात्र उघडे हवेत. त्याच चित्रपटातलं ताऱ्यांनी भरलेलं आकाश चुकीचं असल्याचं खगोलशास्त्रज्ञ नील डीग्रास टायसन यांनी दाखवून दिलं, आणि २०१२ च्या थ्रीडी आवृत्तीत दिग्दर्शक जेम्स कॅमेरून यांनी ते बदललं. तळं तसंच राहिलं.

राहता राहिली तुमची पर्स. ओरडण्याआधी दोन शॉटच्या मधे दुसऱ्याच कुणाचा शॉट आहे का ते बघा. असेल तर तेवढ्यात तिने खांदा बदलला असेल. सेटवर चूक उशिरा लक्षात आली की दिग्दर्शकाला आम्ही हेच सांगायचो.